उन्हातली गोष्ट

“हात खाली,” पोनिराबाई म्हणाल्या.

टेबलापाशी वाचायला उभ्या असलेल्या रुजेलाचा हात डोळ्याकडे गेला होता, तो तिथंच थांबला. पण थांबला तो क्षणभरच. चिमटीत धरलेला पापणीचा केस तिनं उपटला, हिरव्या चौकडीच्या शर्टाच्या खिशात टाकला, आणि मग कुठं पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. आवाज इतका खाली की पहिल्या बाकावरच्या मुलांनीसुद्धा माना पुढं काढल्या.

“मोठ्यानं.”

“कोळीमामा होडीत बसला आणि नदीला म्हणाला...” रुजेला अडखळली. तिनं खिडकीकडे पाहिलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

“काय म्हणाला?”

“माहीत नाही.”

“अगं, समोर लिहिलंय ना, बाळा!”

रुजेलानं पुस्तक मिटलं. मागच्या बाकावरून वांदेर्ली नावाच्या ब्राझिली पोरानं सांगून टाकलं, “तिला येतच नाही, बाई,” आणि वर्ग खिदळला. पोनिराबाईंनी टेबलावर डस्टर आपटलं. खडूची धूळ उडाली आणि त्यांनाच ठसका लागला, तेव्हा तर पोरांना हसायला आणखी एक निमित्त मिळालं.

एकेकाळच्या डच वसाहतीतल्या पारामारिबो शहराच्या कडेला, डांबर संपून वाळूचा रस्ता सुरू होतो तिथं ही शाळा आहे. पोनिराबाईंचा चौथीचा वर्ग म्हणजे भरलेली होडीच. हिंदुस्तानी भातवाल्यांची मुलं, जावानीज मुलं, शहरातली क्रिओल मुलं, चिनी दुकानदाराची मुलगी, सोन्याच्या खाणीवर आलेल्या ब्राझिलियनांची पोरं, आणि नदीच्या वरच्या अंगाला जंगलातल्या गावांतून आलेली मरून मुलं. मळ्यांवरून पळून जंगलात स्वतंत्र राहिलेल्या गुलामांचे हे वंशज; जे गुलाम मळ्यांवरच राहिले, त्यांचे वंशज क्रिओल. मधल्या सुट्टीत सात-आठ भाषा एकमेकींत मिसळून भांडत. घंटा झाली की सगळ्यांनी डच बोलायचं, डच वाचायचं, आणि डच येत नसेल तर गप्प बसायचं. गप्प बसणाऱ्यांत जंगलातून आलेल्या मुलांची गर्दी जास्त असे. वर्षाच्या शेवटी ती त्याच वर्गात पुन्हा बसत, आणि काही जण तर बसतच राहत.

रुजेला दोनदा बसली होती. बाकीच्यांपेक्षा डोक्यानं उंच, म्हणून शेवटच्या रांगेत. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. तिसऱ्यांदा अडलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शाळेत पाठवतात. त्या शाळेला सगळे ‘सावकाश मुलांची शाळा’ म्हणतात. तिथं मुलींना शिवणकाम आणि केरवारा शिकवतात. तिथं गेलेलं मूल परत आलेलं पोनिराबाईंनी नोकरीच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. यंदा रुजेलाला पाचवीत ढकलायचीच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी एकदा ठरवलं की नवऱ्यासकट सगळं घर बाजूला होत असे.

पोनिराबाईंचे आजी-आजोबा जावाहून बोटीनं ऊसतोडीला आले होते. बाई स्वतः नदीपलीकडच्या वाडीत वाढल्या. लहानपणी त्यांच्या हातात पुस्तक पडलं ते बर्फाचं. त्यात एक मुलगा बर्फाचा माणूस करतो आणि त्याला गाजराचं नाक लावतो. पोनिरानं त्याआधी बर्फही पाहिला नव्हता आणि गाजरही. बर्फ म्हणजे खवलेला नारळ असावा अशी तिनं समजूत करून घेतली. मग एवढा खोबऱ्याचा ढीग असून ही माणसं तो खात का नाहीत, ह्या विचारानं तिला रात्रभर झोप नाही. हा किस्सा बाई शिक्षकांच्या खोलीत हसत हसत सांगत, पण त्यांच्या मनात तो हसण्यासारखा नव्हता. आपलं घर, आपली चूल पुस्तकात नाही म्हणजे आपण कुठंच नाही, असं त्या पोरीला तेव्हा वाटलं होतं, आणि ते वाटणं त्या विसरल्या नव्हत्या.

म्हणून त्यांनी वर्गातलं कपाट हाती घेतलं. दर दोन-तीन वर्षांनी हॉलंडहून कुणा दयाळू माणसांनी टाकून दिलेली पुस्तकं खोक्यांत भरून येत. त्यात कालवे, सायकली, बर्फावरच्या घसरगाड्या. बाईंनी ती हळूहळू खोक्यात परत घातली आणि त्यांच्या जागी एकेक पुस्तक शोधून आणलं. पुस्तकजत्रेत उभं राहून, ओळखीपाळखी काढून, नवऱ्याच्या डोक्याशी कटकट करून आणलं. होळीचा रंग खेळणाऱ्या हिंदुस्तानी मुलाचं, सावल्यांच्या बाहुल्यांचं, चिनी आजोबांच्या दुकानाचं. ज्याचं त्याला पुस्तक द्यायचं, आणि ते देताना त्या मुलाचा चेहरा बघायचा, हे बाईंचं सुख होतं. हौसेला मोल नसतं.

रुजेलाला मात्र आधी जडलं होतं ते भलतंच पुस्तक. खोक्यात परत जायच्या वाटेवर असलेलं, कोपरे कुरतडलेलं, पांढऱ्या अस्वलाचं. वर्ष संपायला दोनेक महिने असताना ते तिनं उचललं आणि मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून वाचत बसली. बाईंनी एकदा मागं उभं राहून ऐकलं. पोरगी अडखळत होती, पण वाचत होती! न सांगता, स्वतःहून! बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं ते पुस्तक तिच्या हातून काढून घेतलं.

“हे वाचतेस म्हणजे काहीही वाचशील. तुला बर्फाशी काय करायचंय? थांब, तुझं पुस्तक देते.”

“पण बाई, माझं ह्यातलं अर्धं राहिलंय.”

“राहू दे. हे बघ!”

ते नवं पुस्तक खरंच देखणं होतं. जंगलातल्या लोकांच्या कोळीमामाच्या गोष्टी. आठ पायांचा, सगळ्यांना टोपी घालणारा आणि शेवटी स्वतःच फसणारा कोळी. एका पानावर डच, समोरच्या पानावर रुजेलाची स्वतःची भाषा. चित्रांत झुला, लांब होडी, कसावाच्या कंदाची भाकरी वाळत घातलेली चटई, कमरेला लुगड्यासारखं कापड गुंडाळलेली आजी. बाईंनी महिनाभर माग काढून ते मिळवलं होतं. आता चेहरा उजळेल म्हणून त्या बघत राहिल्या.

रुजेलानं पानं उलटली. आजीच्या चित्राशी थांबली. मग पुस्तक अलगद मिटून बाकावर ठेवलं.

“ह्या गोष्टी मला येतात, बाई.”

“येतात? मग तर सोन्याहून पिवळं!”

त्याच सुमारास रुजेलाच्या आईला हॉस्पिटलात ठेवलं. तिला दिवस गेले होते, पाय सुजले होते, रक्तदाब उतरत नव्हता. घरी आजी, मा आकूबा. रुजेला सकाळी हॉस्पिटलाच्या दारावरून फेरी मारून शाळेत येई. बाईंनी तिला जवळ घेतलं, डब्यातल्या शेवया दिल्या, आणि सांगितलं, “अभ्यासात मन घाल, म्हणजे काळजी वाटणार नाही.” आणि रोज सकाळी कोळीमामाचं एक पान तिच्याकडून वाचून घ्यायला लागल्या.

पापण्यांचं तेव्हापासून सुरू झालं.

आधी बाईंना वाटलं, डोळे आलेत. नळावर नेऊन धुतले. मग वाटलं, पोटात जंत असतील. मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आईची काळजी. माझी बहीण नखं खायची.” ते पटलं. पण पटलं म्हणून थांबायचं कुठं! डावा डोळा बोडका झाला, उजव्यावर चार केस उरले, आणि वर्षअखेरीची तपासणी येऊन ठेपली.

त्या तपासणीची रीत अशी, की ज्या मुलांचं घोडं अडलेलं असतं त्यांना इन्स्पेक्टर स्वतः वाचायला लावतो. पान निवडायचं वर्गशिक्षिकेनं, वर्गाच्या कपाटातलं कुठलंही. बाईंनी कोळीमामा आणि नदी हे पान निवडलं आणि पुस्तक हेडबाईंना दाखवायला नेलं.

हेडबाई लिवेल्ड ह्या क्रिओल, शहरात जन्मलेल्या, भारदस्त. रविवारी चर्चला जाताना घालायची टोपी त्या कपाटात कुलपात ठेवत. पुस्तक बघून त्यांचा चेहरा एकदम पोरसवदा झाला.

“कोळीमामा! अगं पोनिरा, आमची आजी सांगायची ह्या. अंधार पडायची वाट बघत बसायचो आम्ही.”

“पान ठीक आहे ना?”

“झकास आहे. आपल्या मातीतलं आहे. इन्स्पेक्टर बिसेसरसाहेबांना असलं आवडतं.”

आदल्या दिवशी बाईंनी रुजेलाला एकटीला थांबवून घेतलं. खांद्यावर हात ठेवून, मायेनंच सांगितलं, “उद्या साहेबांसमोर डोळ्याला हात लावायचा नाही. ते समजतील काहीतरी आजार आहे, आणि मग तुला त्या दुसऱ्या शाळेत टाकायला त्यांना कारणच मिळेल. हात मागं बांधून उभं राहायचं. मी पान धरीन. कबूल?”

रुजेलाचा हात डोळ्याकडे निघाला आणि अर्ध्यावरून परत आला.

“कबूल ना?”

“एकदाच लावला तर?”

“एकदाही नाही.”

“बाई, दुसरं पुस्तक...”

“आता शेवटच्या दिवशी दुसरं? हे तुझं आहे, रुजेला. तुझ्या माणसांचं. ह्याची लाज वाटते तुला?”

पोरगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं सिमेंट खरवडत उभी राहिली आणि मग “नाही” म्हणाली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मन हलकं झालं त्यांचं.

बिसेसरसाहेब सकाळी दहाला आले. माणूस वाईट नव्हता. स्वतः भातशेतीच्या गावातला, अनवाणी शाळेत गेलेला. त्यांनी खुर्ची रुजेलापासून जरा लांब सरकवली, म्हणजे ती बुजणार नाही. नाव विचारलं, गाव विचारलं. रुजेलानं दोन्ही सांगितलं. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर, तिच्या पायांवर, पुस्तकावर पडलं होतं. तिचे हात मागं होते.

“वाच, बेटा. घाई नाही.”

रुजेलानं पानाकडे पाहिलं. ओठ उघडले. मग उन्हाकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

“पहिला शब्द मी सांगू?” साहेब म्हणाले. “कोळीमामा...”



पाठीमागं तिचा एक हात सुटायला धडपडत होता आणि दुसऱ्यानं तो मनगटात घट्ट पकडला होता. हे बाईंना दिसत होतं. त्यांना वाटलं, शहाणी पोर, कबूल केलं ते पाळतेय. त्यांनी डोळ्यांनीच तिला शाबासकी दिली.

साहेबांनी पाणी मागवून दिलं. थांबले. दुसरी मुलं बोलावली, ऐकली, सोडली. पुन्हा रुजेलाकडे वळले. ती पाणी प्यायली, “थँक्यू” म्हणाली. पण पानावरचं एक अक्षर तोंडातून निघेना. शेवटी साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“ती वाचते, साहेब,” पोनिराबाई कशाबशा म्हणाल्या. “माझ्यासमोर वाचते.”

“बाई, मी तिला हट्टी म्हणत नाही. हट्टी मूल ओळखू येतं. हिला येत नाही, एवढंच. आपणच ओढत राहिलो तर तिचेच हाल.”

त्यांनी लिहायचं ते लिहिलं.

दुपारी मा आकूबा नातीला न्यायला आली. काटक बाई, डोक्याला फडकं, खांद्यावर दुसरं. निकाल ऐकून ती फाटकापाशी उभी राहिली. पोनिराबाईंना बोलायला कुणीतरी हवंच होतं.

“मा आकूबा, काय सांगू तुम्हाला! इतके दिवस मी हिच्यामागं लागले, आणि ऐन वेळी पोरीनं तोंड शिवून घेतलं! घरी काही बोललात का तिला? कुणी घाबरवलं का?”

“मी कशाला घाबरवू? काय वाचायला दिलंवतंस, मास्तरीण?”

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून दिलं. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण चित्रं तिनं एकेक करून, चवीनं पाहिली. झुल्यावर हात फिरवला. लांब होडीचं टोक बरोबर काढलंय का ते तपासलं. मग कोळ्याचं चित्र आलं आणि तिचा हात थांबला.

“ह्या तर त्याच्या गोष्टी.”

“हो ना! तुमच्याच!”

“आमच्याच. आन् कधी वाचायला लावल्यास?”

“सकाळी. दहा वाजता.”

म्हातारीनं वर सूर्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. रागावली नाही. रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं.

“मास्तरीण, ह्या गोष्टी दिवसा सांगत नाहीत. सूर्य डोक्यावर असताना जो सांगेल त्याची आई मरते. आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं हे. अगदीच नड असली तर तोंड उघडायच्या आधी तिथंच पापणीचा एक केस उपटायचा, म्हणजे तेवढ्यापुरतं माफ.”

पोनिराबाईंनी फाटकाची सळई धरली.

“आन् हिची आय तिथं हॉस्पिटलात आडवी पडलेली,” मा आकूबा म्हणाली. “त्या दिवसापासनं मी बघतेय हिचे डोळे. विचारलं, तर म्हणाली शाळेतलं आहे. मला वाटलं, शाळेत पापण्या मागत असतील, कुणास ठाऊक. तुमच्या शाळेत काय काय मागतात, आम्हाला काय कळतं?”

“तिनं मला सांगितलं का नाही?”

“आय हॉस्पिटलात असताना ‘आय मरंल’ असं तोंडानं म्हणायचं व्हय?”

रुजेला चार पावलांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि जितक्या सकाळी हे पान वाचून घेतलं होतं तितक्या सकाळी त्यांच्या अंगावर आल्या. रोज एक केस. कधी पान पुन्हा वाचायला लावलं म्हणून दोन. आणि काल आपणच तिचे हात मागं बांधून ठेवले. तिला दिलेल्या शब्दाला ती जागली, आईलाही जागली, आणि त्या दोन्हींच्या मध्ये तिचं स्वतःचं वर्ष गेलं. पोनिराबाई पन्नाशी उलटलेल्या बाई होत्या. उंबऱ्यात बसलं की लग्न मोडतं असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं, म्हणून लग्नाला तीस वर्षं होऊनही त्या उंबऱ्यात बसत नव्हत्या. कुणी त्यांना जबरदस्तीनं बसवलं असतं तर? त्यांना इतकी शरम वाटली की रुजेलाला ‘चुकलं माझं’ म्हणायलाही जीभ उचलेना.

त्या तशाच हेडबाईंच्या खोलीत गेल्या.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

लिवेल्डबाईंनी चष्मा काढला. ऐकून घेतलं. मग अवघडून हसल्या. “अगं, हो. पापणी. आम्हीही उपटायचो लहानपणी. विसरलेच होते बघ. त्या जुन्या खुळचट गोष्टी, पोनिरा. आता कोण मानतं?”

“ती मानते!”

“मग मला आधी विचारायचंस.”

“पान दाखवलं होतं तुम्हाला.”

“पान दाखवलंस. मला ‘ठीक आहे ना’ विचारलंस. पोरीला विचारलंस का?”

पोनिराबाईंकडे ह्याला उत्तर होतं, पण ते त्यांच्याविरुद्धच होतं. पोरीनं सांगितलं होतं, ‘दुसरं पुस्तक.’ त्याआधी सांगितलं होतं, ‘माझं अर्धं राहिलंय.’ तिला काय हवंय ते ती स्वच्छ डच भाषेत बोलली होती, आणि बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघायच्या नादात तिचं बोलणं ऐकलंच नव्हतं.

बिसेसरसाहेब अजून पुढच्या वर्गात होते. ते निघेपर्यंत बाई त्यांच्या गाडीपाशी उन्हात उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, पापणीसुद्धा नाही. साहेब हसतील अशी त्यांना भीती होती, पण ते हसले नाहीत.

“माझी आजी मंगळवारी घरात कुणाला केस कापू द्यायची नाही,” ते म्हणाले. “प्रत्येक घरात काहीतरी असतं, बाई. मी टिंगल करणार नाही.”

“मग पुन्हा ऐका तिला. आज संध्याकाळी. सूर्य मावळल्यावर. मी घेऊन येते.”

“शाळा एकला सुटते.”

“मग उद्या. दुसरं पुस्तक घेऊन. कुठलंही द्या, तुम्ही निवडा.”

साहेबांनी गाडीचं दार उघडलं, पण आत बसले नाहीत. “आज एकीला पुन्हा ऐकलं, तर उद्या सकाळी ह्याच फाटकात चाळीस आया उभ्या राहतील. आणि प्रत्येकीचं कारण खरंच असेल. त्यांना मी काय सांगू? लिहिलेलं खोडता येत नाही मला.”

“एक पोर फुकट जाईल, साहेब.”

“फुकट का म्हणता? तिथंही शाळाच आहे.”

हे त्यांनी बाईंकडे न बघता म्हटलं. मग गाडी वाळूत दोनदा घसरली आणि गेली.

पुढच्या आठवड्यात रुजेलाच्या आईला मुलगा झाला. रक्तदाब उतरला, सूज उतरली, मायलेक घरी आले. बाईंना हे वांदेर्लीकडून कळलं; तो त्याच गल्लीत राहत होता. बातमी ऐकून त्यांना रडू आलं. आई वाचली म्हणून आलं की रुजेलाला आता कधीच पटवता येणार नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरीनं तोंड उघडलं नाही आणि आई घरी आली. आता कुणी तिला सांगावं की तुझं गप्प बसणं वाया गेलं?

त्याच दिवशी मा आकूबाचा निरोप आला. ‘मास्तरणीला म्हणावं, पुस्तक घेऊन ये. सूर्य बुडल्यावर ये.’

फळ्यांचं दोन खोल्यांचं घर. पुढं वाळूचं अंगण, मोठ्या भांड्यात शेंगदाण्याचं सार रटरटत होतं. रुजेलाची आई सेलिना झुल्यात बाळाला घेऊन पडली होती. बाईंना बघून ती उठायला लागली.

“पडून राहा गं,” बाई घाईनं म्हणाल्या. “मी... मला तुमची क्षमा मागायची आहे.”

“कशाबद्दल, बाई? तुम्ही तिला शेवया द्यायचात. ती सांगायची मला.” सेलिनानं बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. “त्या नव्या शाळेची गाडी दारापर्यंत येते म्हणे. ते बरं झालं.”

 मा आकूबानं त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, पश्चिमेला एकदा नीट पाहून घेतलं. आभाळात उजेड होता, पण सूर्य गेला होता. मग तिनं पुस्तक रुजेलाच्या मांडीवर ठेवलं.

“हं.”

रुजेलानं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली.

आवाज मोठा, मोकळा. बोट ओळीवर होतं, पण बोटाला आवाज गाठता येत नव्हता, इतकी ती भरभर चालली होती. डच पान वाचलं की तेच आपल्या भाषेत, आई-आजीसाठी. कोळीमामा नदीला फसवायला निघाला तेव्हा तिचा आवाज लबाड झाला, नदी बोलली तेव्हा खोल. शेजारची दोन-चार माणसं बाकडी घेऊन आली. मध्येच एक म्हातारा उठला, हात वर करून ओरडला, “थांब! मी तिथं होतो!” पोनिराबाई दचकल्या. रुजेला मात्र थांबली आणि तिनं हसत त्याला विचारलं, “काय पाहिलंस?” म्हाताऱ्यानं, नदीनं मासा कसा गिळला ते एका ओळीच्या गाण्यात सांगितलं, सगळ्यांनी ती ओळ पुन्हा म्हटली, आणि रुजेला पुढं वाचायला लागली.

“अशीच रीत आहे,” सेलिना झुल्यातून हळूच म्हणाली. “गप्प बसून ऐकलं तर सांगणाऱ्याला वाटतं, सगळे झोपले. मध्ये शिरायचं असतं. मोठं कुणी नाही, लहान कुणी नाही, जो तिथं होता त्यानं सांगायचं.”

मग सेलिनाही मध्ये शिरली, मा आकूबाही शिरली. बाई ऐकत होत्या. ह्या पोरीला वाचता येत नाही असं एका कागदावर लिहिलेलं आहे आणि तो कागद आता खोडता येत नाही, हे त्यांना ऐकताना सारखं आठवत होतं. साहेबांना इथं आणून बसवावं, लिवेल्डबाईंना बसवावं, अख्ख्या चौथीला ह्या वाळूत आणून बसवावं, असं वाटत होतं. ऐकायला शाळेतलं कुणी होतं तर त्या एकट्या.

“मास्तरीण,” मा आकूबानं त्यांना कोपरानं ढोसलं. “तोंडात मूग धरलेस काय? तू पण शीर की. तू पण तिथंच होतीस.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पोनिराबाईंनी खांद्यावरच्या ओढणीचं टोक उगीचच सारखं केलं. घसा खाकरला.

“थांब,” त्या म्हणाल्या. “मी तिथं होते.”

रुजेलानं ओळीवरचं बोट न उचलता मान वर केली. तिच्या डोळ्यांना अजून पापण्या फुटल्या नव्हत्या. रीतीप्रमाणे तिनं बाईंना अगदी बरोबरीनं विचारलं,

“काय पाहिलंस?”

बाईंनी गाण्याची ओळ शोधली. मासा, होडी, नदी, काहीतरी. काही सापडेना. झुल्याची दोरी करकरत होती आणि माणसं वाट बघत होती.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “समोरच होते मी. पण काही पाहिलं नाही.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रुजेलानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

“मग आता ऐका, बाई,” ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.